गॉज दवाखान्यात असतंय: अनोळखी इंग्रजी शब्दाचा अर्थ आणि उच्चार कसा शोधायचा

नोकरीला लागून चौथाच दिवस असेल. कोल्हापूरच्या उद्यमनगरातलं एक वर्कशॉप, मी डिप्लोमा करून नवीन नवीन आलेला, हातात ड्रॉइंग, आणि सगळ्यांसमोर ऐटीत म्हणालो, "मिस्त्री, ते प्लग गॉज द्या जरा." म्हणजे भोकाचं माप तपासायचं साधन, स्पेलिंग जी-ए-यू-जी-ई. पुस्तकात शंभरदा वाचलेला शब्द, पण कुणाच्या तोंडून नीट कान देऊन ऐकला नव्हता. मिस्त्री सातवी शिकलेले. त्यांनी गेज काढून हातात दिला आणि हळूच म्हणाले, "सायेब, गेज म्हणत्यात त्येला. गॉज दवाखान्यात असतंय, जखमंवर लावत्यात."

मिस्त्रींनी ते स्पेलिंग आयुष्यात कधी बघितलं नसेल, म्हणूनच त्यांचा उच्चार बरोबर होता. त्या दिवसापासून माझा एक नियम झालाय, नवीन इंग्रजी शब्द आला की आधी तो कुठे बसलाय ते बघायचं, मग कानानं ऐकायचा आणि स्पेलिंग सगळ्यात शेवटी पाठ करायचं. शाळेत आपण बरोबर उलटं करतो.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण माझी भाची. साखर कारखान्यांच्या मशिनरीचं काम करणाऱ्या एका ऑफिसात ती ट्रेनी लागलीय आणि दिवसभर इंग्रजी टेंडरं वाचते. परवा तिचा मेसेज आला, "मामा, बी-ए-जी-ए-एस-एस-ई म्हणजे काय? बॅगेजचं स्पेलिंग चुकलंय का?" आता शिरोळ-कागल-करवीरच्या ऊस-कारखान्यांच्या भानगडीत जन्म गेलेल्या माणसाला हा शब्द विचारणं म्हणजे गवळ्याला दूध दाखवण्यासारखं आहे, पण मी उत्तर दिलं नाही. तिलाच शोधायला लावलं. तिनं कसं शोधलं तेच पायरीपायरीनं सांगतो, म्हणजे तुम्हाला कुठल्याही शब्दाला ते लावता येईल.

आधी वाक्य वाचा, शब्द नको

डिक्शनरी लगेच उघडू नका. टेंडरमधलं वाक्य साधारण असं होतं, की पन्नास टक्के ओलावा असलेला मिलमधला हा जो काही पदार्थ आहे तो जाळून बॉयलर चालला पाहिजे. मी तिला विचारलं, यातून काय काय कळतं? ती म्हणाली, जळणारी वस्तू आहे, ओली आहे, मिलमधून येते. बस की. बॅगेज म्हणजे सामानसुमान, ते कोण बॉयलरमध्ये घालणार? म्हणजे टायपिंग मिस्टेक हा अंदाज तिथंच बाद. मग मी विचारलं, साखर कारखान्यात मिल म्हणजे काय? "उसाची." उसाच्या मिलमधून रस गेल्यावर मागं काय उरतं? दोन सेकंद शांतता आणि मग, "चिपाड! मामा, चिपाड आहे हे!"

अंदाज चुकला तरी चालतो. अंदाज बांधल्यावर डिक्शनरीतला अर्थ डोक्यात जसा बसतो तसा नुसता बघून बसत नाही, हा माझा अनुभव. अंदाज बांधताना एवढंच बघायचं: शब्द नाम आहे का क्रियापद, त्याच्या आधी कुठलं विशेषण आलंय, आणि तो काही करतोय का त्याला कुणी काही करतंय. इथं त्याला कुणीतरी जाळतंय.

अख्ख्या पानात तो शब्द अजून कुठे आलाय का तेही शोधा. भाचीच्या टेंडरमध्ये पुढे त्याच शब्दामागे कन्व्हेयर, यार्ड आणि कोजन असे शब्द चिकटले होते. म्हणजे ढिगानं साठवायची वस्तू आहे, पट्ट्यावरून जाते आणि तिच्यापासून वीज होते. शब्दाचे शेजारी बघून त्याचं घर कळतं.

आता डिक्शनरी, पण कुठली?

शिकणाऱ्यांसाठी केलेल्या डिक्शनऱ्या असतात, ऑक्सफर्डची लर्नर्स आणि केंब्रिजची ऑनलाइन, दोन्ही फुकट. त्यात अर्थ सोप्या इंग्रजीत असतो आणि ब्रिटिश नि अमेरिकन दोन्ही उच्चार ऐकायला मिळतात. रोजच्या शब्दांना याच बघा. पण असा धंद्यातला शब्द कधी कधी छोट्या डिक्शनरीत सापडतच नाही, मग मेरियम-वेब्स्टर किंवा कॉलिन्स उघडायची.

इंग्रजी-मराठी डिक्शनरी वाईट आहे असं नाही, पण ती दुसऱ्या नंबरला. कारण त्यात एका शब्दापुढे पाच मराठी शब्द स्वल्पविराम देऊन ठेवलेले असतात आणि आपण त्यातला पहिला उचलतो. भाषांतराच्या ॲपचंही तेच, एकटा शब्द टाकला की ते बिचारं अंदाज करतं. टाकायचंच असेल तर अख्खं वाक्य टाका.

आता गंमत बघा. काही डिक्शनऱ्यांत या शब्दाचा अर्थ दिलाय, उसाचा रस काढल्यावर उरलेला कोरडा चोथा. आणि टेंडर म्हणतंय पन्नास टक्के ओलावा! भाची गोंधळली. बरोबर कोण? टेंडर बरोबर. एक टन ऊस गाळला की साधारण २५० ते ३०० किलो असा चोथा निघतो आणि त्याचं जवळजवळ निम्मं वजन पाण्याचं असतं. डिक्शनरीवाल्याचा कोरडा म्हणजे रस गेलेला, आणि बॉयलरवाल्याचा ओला म्हणजे वजन करून काढलेला. म्हणून धंद्यातला शब्द असेल तर डिक्शनरीवर थांबायचं नाही, त्या धंद्यातल्या एका माणसाला विचारायचं.

मराठी प्रतिशब्दाचंही तसंच. गुऱ्हाळावर चरकातून निघतं ते चिपाड, लांब लांब, उन्हात वाळवायचं आणि चुलवाणात जळण म्हणून घालायचं. कारखान्यात ऊस आधी बारीक कातरला जातो, त्यामुळे तिथं निघतो तो भुसा, आणि तिथला कामगार त्याला चिपाड म्हणत नाही, सरळ बगॅस म्हणतो. वस्तू एकच, जागा बदलली की नाव बदललं. भाचीनं रिपोर्टमध्ये काय लिहायचं? बगॅस. आजोबांना सांगताना काय म्हणायचं? चिपाड.

याहून जास्त फसवतो तो मोलॅसिस. डिक्शनरीत काकवी सापडेल. पण कारखान्यात त्याला मळी म्हणतात, साखर काढून घेतल्यावर राहिलेला काळा दाट पदार्थ, जो डिस्टिलरीला जातो. काकवी आपण भाकरीबरोबर खातो. ते एकच समजून कुणी मळी ताटात वाढायला नको. आणि या शब्दाच्या शेवटी एस दिसतो म्हणून तो अनेकवचनी वाटतो, पण इंग्रजीत तो एकवचनीच चालतो. असल्या गोष्टी अर्थ बघतानाच टिपून ठेवायच्या. बगॅस पण मोजता न येणारं नाम आहे, पीठ किंवा वाळूसारखं, त्याला शेवटी एस लावून अनेकवचन करत बसू नका.

उच्चार: इथं सगळे घसरतात

भाची म्हणाली "बॅगासे". मग "बॅगेस". मग थोडा विचार करून "बगासी". तिची चूक नाही, आपल्याला देवनागरीची सवय. आपण जे लिहितो ते बहुतेक वाचतो, म्हणजे निदान आपला तसा समज असतो. खरं तर आपल्यालाही न लिहिलेलं कळतं. "जग" हा शब्द बघा, दुनिया या अर्थानं एक ज आणि "शंभर वर्षं जग" म्हणताना वेगळा ज. "चार" म्हटलं तर आकडा आणि "चारा" म्हटलं तर च बदलला. लिहिताना फरक नाही, पण आपल्या पोराला कुणी शिकवावं लागत नाही, कारण त्यानं ऐकलेलं असतं. इंग्रजीत हाच प्रकार दहापट.

असं का झालं त्याचं थोडक्यात सांगतो. इंग्लंडमध्ये कॅक्स्टननं १४७६ ला छापखाना टाकला, हळूहळू स्पेलिंग ठरत गेली, पण लोकांची जीभ बदलायची थांबली नाही आणि पुढच्या दोनशे वर्षांत स्वर कुठल्या कुठे गेले. वर्कशॉपमध्ये आपण नर्लिंग करतो ना, दांड्याला पकड यावी म्हणून खरबरीत नक्षी पाडतो ते, त्याच्या स्पेलिंगच्या आधी के आहे. नाइफ, नी, नॉट यांचंही तेच, तो के एके काळी खरंच म्हणायचे, आता नुसता कागदावर राहिलाय. आणि डेट म्हणजे कर्ज, त्यातला बी तर कधी म्हणतच नव्हते. शब्द आला फ्रेंचमधून बी नसलेला, पुढे पंडितांना वाटलं लॅटिनमध्ये डेबिटम होतं तर आपल्यातही बी पाहिजे, घातला. आता चारशे-पाचशे वर्षं पोरं तो पाठ करतायत.

तर उच्चार काढायची रीत. डिक्शनरीत शब्दापुढे दोन तिरप्या रेघांच्या मध्ये चमत्कारिक चिन्हं असतात, बहुतेक लोक ती बघून पुढे जातात. ती बहुतेक डिक्शनऱ्यांत आंतरराष्ट्रीय उच्चारलिपी असते, मेरियम-वेब्स्टरची चिन्हं मात्र तिची स्वतःची, थोडी वेगळी. सगळी शिकायची गरज नाही, चार खुणा ओळखल्या तरी निम्मं काम झालं.

पहिली, वरच्या बाजूला छोटी उभी रेघ. तिच्या पुढचा जो तुकडा त्यावर जोर. हीच सगळ्यात महत्त्वाची, कारण आपल्या मराठीत जोर इकडंतिकडं झाला तरी अर्थ बदलत नाही, इंग्रजीत बदलतो. रेकॉर्ड हा शब्द घ्या, पहिल्या तुकड्यावर जोर दिला तर नोंद, दुसऱ्यावर दिला तर नोंदवणे. डेझर्टचा जोर पुढे असला तर वाळवंट आणि मागे गेला तर सोडून पळून जाणे.

दुसरी, उलटं केलेलं छोटं ई. हा कमजोर स्वर, आणि तो आपल्याकडे आयता आहे, काना-मात्रा नसलेल्या अक्षरातला अ. इंग्रजी शिकणारे कितीतरी जण या स्वराला अडखळतात आणि आपण बाराखडीच त्याच्यापासून सुरू करतो. पण स्पेलिंगमध्ये ए दिसला की आपण लगेच आ किंवा ॲ करतो, तिथं मार खातो.

तिसरी, ए आणि ई एकमेकांना चिकटलेले, म्हणजे ॲ, बॅटमधला. चौथी, स्वरामागे कोलनसारखे दोन ठिपके, म्हणजे स्वर लांबवायचा.

आता आपल्या शब्दाला लावा. बी, मग उलटा ई, मग उभी रेघ, मग ग, चिकटलेला ए-ई आणि स. म्हणजे पहिला साधा ब, कसलीही मात्रा नाही, आणि जोर गॅस वर: ब-गॅस. शेवटचा ई मुका. भाचीला म्हटलं, गॅस सिलिंडरमधला गॅस म्हण आणि त्याच्यापुढे हलकाच ब लाव. जमलं. कारखान्यातली माणसं म्हणतात तेच निघालं की, फक्त आपण कधी कधी दोन्ही तुकड्यांवर सारखाच जोर देतो तेवढा कमी करायचा. मोलॅसिसचंही तसंच, पहिला तुकडा मो नाही, हलका म, जोर लॅवर, आणि शेवटी स नाही तर "माझा" मधल्या झसारखा आवाज.

ऐकायचं कसं

स्पीकरचं चित्र दाबून एकदा ऐकलं आणि पुढे गेलं, असं नको. मी सांगतो तसं करा. स्पेलिंग झाका, मोबाइल उलटा ठेवला तरी चालेल, आणि तीन वेळा नुसतं ऐका. मग तोंडातल्या तोंडात नाही, मोठ्यानं म्हणा. मग मोबाइलवर स्वतःचं रेकॉर्ड करून दोन्ही पाठोपाठ ऐका. पहिल्यांदा स्वतःचा आवाज ऐकून लाज वाटते, मला अजून वाटते. भाची रंकाळ्यावर फिरताना करते, बाकीच्यांना वाटतं फोनवर बोलतेय.

सुटा शब्द ऐकणं आणि वाक्यात ऐकणं यात फरक पडतो. यूग्लिश नावाची साइट आहे, शब्द टाकला की यूट्यूबवरच्या व्हिडिओंमध्ये खरी माणसं तो जिथं बोललीत बरोबर तिथून सुरू होतं. फोर्व्होवर वेगवेगळ्या देशांच्या लोकांनी शब्द म्हणून ठेवलेत. गूगलमध्ये शब्दाचा उच्चार विचारला तर हळू म्हणून दाखवायची सोय आहे.

एक सावधगिरी. मशीनचा आवाज काही शब्दांना फसतो, विशेषतः एकाच स्पेलिंगचे दोन उच्चार असले की. एल-ई-ए-डी घ्या. लेथला असतो तो लीड स्क्रू, आणि तेच स्पेलिंग शिसं या धातूचं असलं तर लेड. कॉइल गुंडाळायचा वाइंड आणि हवेचा विंड, स्पेलिंग एकच. आणि कोटेशनमध्ये आपण सगळे लिहितो ते वेअर अँड टेअर, ते टिअर नाही बरं का, टिअर म्हणजे डोळ्यातलं पाणी. मीच दहा वर्षं टिअर म्हणत होतो, कस्टमरसमोर, आत्मविश्वासानं. अशा शब्दांत अर्थ आधी ठरवावा लागतो, मगच उच्चार ठरतो, म्हणून वाक्याची पायरी पहिली ठेवलीय.

ब्रिटिश म्हणायचा का अमेरिकन, हा वाद माझ्या मते फार ताणू नये. शेड्यूल म्हणा किंवा स्केजूल म्हणा, दोन्ही डिक्शनरीत आहेत, एक धरा आणि तोच ठेवा. सकाळी एक संध्याकाळी दुसरा नको.

देवनागरीत लिहून ठेवताना

उच्चार वहीत देवनागरीत लिहायला माझी हरकत नाही, मीही लिहितो. ॲ आणि ऑ ही दोन चिन्हं मराठीत आहेत त्याचा फायदा घ्या. पण त्यावर पूर्ण भरवसा ठेवू नका. दिशा वेस्ट आणि कचरा पण वेस्ट, लिहिताना एकच, बोलताना स्वर वेगळा. पेन लिहायचा आणि पेन दुखण्याचा, परत तेच. व्ह चंही आहे, आपण व्ह लिहितो पण त्यात ह नाहीये, वरचे दात खालच्या ओठाला टेकवायचे आणि आवाज काढायचा, आणि डब्ल्यूला दात लावायचेच नाहीत, ओठांचा चंबू. व्हेस्ट आणि वेस्ट आरशासमोर म्हणून बघा, तोंड वेगळं दिसलं पाहिजे. म्हणून वहीतल्या देवनागरीवर जोराच्या तुकड्याखाली रेघ ओढायची आणि शंका आली की परत ऐकायचं, वही वाचून म्हणायचं नाही.

वहीत बाकी काय? शब्द ज्या वाक्यात भेटला ते अख्खं वाक्य, आपल्या भाषेत अर्थ, आणि स्वतः केलेलं एक वाक्य. स्वतःचं वाक्य महत्त्वाचं. भाचीनं लिहिलं की सीझनमध्ये आमच्या गावच्या रस्त्यावर बगॅसचे बारीक कण उडून कपड्यांवर बसतात. आता हा शब्द ती विसरणार नाही. दुसऱ्या दिवशी, आठवड्यानं आणि महिन्यानं एकदा वही चाळायची, एवढं पुरतं.

वेळ असेल तर शब्दाचं गाव शोधा

ही पायरी सक्तीची नाही पण मला सगळ्यात आवडते. एटिमॉनलाइन नावाची साइट आहे, शब्द टाकला की त्याची कुंडली निघते. बगॅस इंग्रजीत आला फ्रेंचमधून आणि तिथं गेला स्पॅनिश बगासोवरून, म्हणजे चोथाच. फ्रेंच वळण कळलं की शेवटचा ई मुका का आणि जोर मागं का हेही आपोआप लक्षात राहतं. फसाड, नीश, कॅश (पैशातला नव्हे, सी-ए-सी-एच-ई), यांचीही तीच जात.

पण खरी मजा जॅगरीत आहे. जॅगरी म्हणजे गूळ, जोर पहिल्या तुकड्यावर. ज्या गुळाला आपल्या कोल्हापूरच्या नावानं जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय त्याचा हा इंग्रजी शब्द लोकांना परका वाटतो, स्पर्धा परीक्षेवाले पाठ करतात. तो इंग्रजांनी घेतला पोर्तुगीजांकडून, पोर्तुगीजांनी उचलला दक्षिणेतल्या भाषेतून, आणि तिथं तो आला संस्कृत शर्करा वरून. कानडीत साखरेला सक्करे म्हणतात हे निपाणीकडचे पाहुणे असलेल्यांना सांगायला नको. आणि शुगर? तीच शर्करा, फक्त ती अरबी आणि लॅटिनच्या वाटेनं फिरून गेली. म्हणजे जॅगरी आणि शुगर चुलत बहिणी निघाल्या, आणि कँडी तर आपल्या संस्कृत खंडवरून. आपल्या गुऱ्हाळाच्या काहिलीत शिजणारी वस्तू आपल्यालाच इंग्रजीत परत शिकावी लागते, असो.

प्रत्येक शब्दाला एवढं करायला बसलात तर टेंडर वाचून व्हायचं नाही. एका पानात दहा शब्द अडले तर ज्यांच्यावाचून वाक्यच कळत नाही असे दोन-तीन घ्या, बाकीचे अंदाजानं सोडा. जो शब्द आठवड्यात तिसऱ्यांदा भेटेल त्याला मात्र धरायचं.

काल भाचीचा परत मेसेज. यावेळी एम-ए-एस-एस-ई-सी-यू-आय-टी-ई. खाली लिहिलं होतं, "मामा सांगू नका, मी शोधते." संध्याकाळी फोन आला. वाक्यात पॅन (रस आटवायचं भांडं) आणि सेंट्रीफ्युगल (गरगर फिरवून साखरेचे दाणे वेगळे करायचं यंत्र) होतं म्हणून तिनं ओळखलं की रस आटवल्यावरची कुठलीतरी पायरी असणार, मग फ्रेंच वळण बघून सीयूआयटी म्हणजे क्वीट असावं असा अंदाज केला, मग ऐकलं, मॅस्क्वीट. साखरेचे दाणे आणि पाक एकत्र असलेला दाट लगदा. फ्रेंचमध्ये अर्थ, शिजलेला गोळा. दोन डिक्शनऱ्यांत जोराची रेघ वेगवेगळ्या ठिकाणी दिसली म्हणून थोडी भांडली माझ्याशी, मी म्हटलं कारखान्यात जाऊन पॅनवर काम करणाऱ्याला विचार तो काय म्हणतो. सोमवारी जाणार आहे.